रेकॉर्डिंगच्या खोलीत आवाज न करणारा घरचा कॉम्प्युटर : प्रोसेसर कोणता घ्यावा? (ठाणे)

चरईकर · शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. ठाण्यात चरईत राहतो. बाबा ७१ वर्षांचे आहेत, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. गेली चार वर्षं ते दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. मागची दहा बाय दहाची खोली, तिथेच टेबल, तिथेच माईक आणि तिथेच कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर २०१४ चा आहे, इंटेलचा आय३-४१५० प्रोसेसर. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण खरं कारण ते नाही. त्याच्या पंख्याची घरघर बाबांच्या आवाजामागे ऐकू येते. फायली ऐकणाऱ्या एका विद्यार्थिनीने फोनवर विचारलं, "सर, तुमच्याकडे पाऊस पडत होता का?" बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच तीन धडे पुन्हा वाचायला बसले. म्हणून हा धागा.

बजेट: प्रोसेसरला १५ हजारांच्या आसपास, सगळं मिळून ५० हजार. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आहेत. वापर म्हणजे ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्डिंग आणि सफाई, मराठी टायपिंग, यूट्यूब, माझं घरून ऑफिसचं काम, मुलीची शाळा. गेम कोणी खेळत नाही.

आतापर्यंत कानावर आलेली नावं: एएमडीचे रायझन ५ ५६००जी, रायझन ५ ७६००, रायझन ५ ८५००जी आणि इंटेलचे आय५-१२४००, आय५-१४४००. यातला सगळ्यात शांत कोणता?

एक अडचण आधीच सांगतो. रेकॉर्डिंग चालू असताना सीलिंग फॅन आणि खिडक्या दोन्ही बंद ठेवावे लागतात. त्या खोलीत एसी नाही. मे महिन्यात अर्ध्या तासात खोलीत बसवत नाही.

उपवन · शनिवार, रात्री ११:०५

१४४०० घ्या. १० कोअर (काम करणारे गाभे) आहेत, यादीतला इंटेलचा नवा तोच.

खाडीवारा · शनिवार, रात्री ११:३१

जास्त कोअर म्हणजे कमी आवाज असं नाही हो. १२४०० आणि १४४०० दोन्हींवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण टर्बोमध्ये (थोडा वेळ जोर वाढवतो तेव्हा) १२४०० ची मर्यादा ११७ वॉट आहे आणि १४४०० ची १४८. बाबांना १४४०० मधले ते जादा चार छोटे कोअर कधीच लागणार नाहीत.

आणि ऑडिओ फाईल किती हलकी असते तेही बघा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो म्हणजे सेकंदाला ८८ केबी. तासाभराच्या वाचनाचे जेमतेम ३२० एमबी. रेकॉर्डिंग करताना प्रोसेसर जवळपास रिकामाच बसलेला असतो.

दुरुस्तीवाला · रविवार, सकाळी ८:१५

कोपरखैरण्याला असतो, बारा-तेरा वर्षं मशीन असेंबल करतो आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण काकांचं काम महत्त्वाचं आहे आणि हा प्रश्न बहुतेक जण उलट्या बाजूने सोडवायला घेतात.

आवाज येतो कूलरच्या पंख्याचा, एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या भागाच्या) पंख्याचा, हार्ड डिस्कचा आणि ग्राफिक्स कार्डाचा. प्रोसेसर किती उष्णता टाकतो यावर पंखा किती फिरेल ते ठरतं, प्रोसेसरचा संबंध तेवढाच. तुमच्या यादीतले पाचही जण ६५ वॉटच्या वर्गातले आहेत. मात्र तो ६५ चा आकडा म्हणजे प्रत्यक्ष खेचली जाणारी वीज नव्हे. एएमडीमध्ये सॉकेटला (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) ८८ वॉटपर्यंत मुभा असते, इंटेलचं वर आलंच आहे. शिवाय बरेच मदरबोर्ड इंटेलची टर्बोवरची वेळेची मर्यादा परस्पर उठवून ठेवतात आणि प्रोसेसर वरच्या आकड्यावरच चालत राहतो. गिऱ्हाईक म्हणतं, "६५ वॉटचा घेतला तरी गरम होतो." बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन नेहमीची आणि टर्बोची दोन्ही वॉट मर्यादा ६५ करा, एका मिनिटाचं काम आहे. ऑडॅसिटीत फरक जाणवणारही नाही.

आता आपल्याकडची खरी गोष्ट. व्हिडिओमध्ये कूलरच्या चाचण्या २०-२२ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कूलरला झेपणारा फरक. तिकडे प्रोसेसर ५५ वर दाखवतात तेव्हा आपल्या ३५ अंशांच्या खोलीत तोच ६८-७० वर जातो आणि बायोसचा नेहमीचा आलेख पंख्याला जोरात पळवायला लागतो. काकांनी सीलिंग फॅन बंद केला की खोली तापणार, खोली तापली की कूलर आवाज करणार, आणि झाकायला दुसरा आवाजच नाही. म्हणून ठाण्यासाठी निवड करताना मी कूलर आधी बघतो.

डब्यात येणारा कूलर काकांच्या खोलीत नको. इंटेल असो की एएमडी, तो बुटका असतो, पंखा लहान, म्हणून तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरावं लागतं. चार हीट पाइपचा टॉवर कूलर आणि १२० मिमीचा पंखा घ्या. अडीच-तीन हजारांत चांगला येतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. एवढा फरक कुठलाही प्रोसेसर बदलून मिळत नाही.

नावांबद्दल:

५६००जी: ६ कोअर, झेन ३ पिढीचा, डीडीआर४ रॅम, स्वस्तात बसतो. एकच सलग चिप असल्यामुळे रिकामा असताना वीज कमी खातो. उणीव एक, एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडत नाही. यूट्यूबवर आता ते बरंच असतं, मग तो भार कोअरवर येतो.

७६००: यातला सगळ्यात जोरदार. पण आत वेगवेगळ्या चिप जोडलेल्या आहेत आणि त्यामुळे रिकामा असतानाही वीज थोडी जास्त खातो. डीडीआर५ लागते. तुमच्या कामाला जास्तीचा.

८५००जी: दोन झेन ४ आणि चार छोटे झेन ४सी कोअर. थंड चालतो, अंगचं ग्राफिक्स चांगलं, एव्ही१ आहे. डीडीआर५ आणि एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट) बोर्डाचा खर्च धरून बघा.

१२४००: ६ कोअर १२ थ्रेड, जानेवारी २०२२ चा. डीडीआर४ चे बोर्ड मिळतात, ग्राफिक्स अंगचं, एव्ही१ उलगडतो, रिकामा असताना अगदी गार.

माझं मत १२४००, नाही तर ८५००जी. फक्त काकांपुरतंच बघायचं असतं तर आय३-१२१०० सुद्धा पुरला असता, पण तुमचं ऑफिस आणि मुलगी धरली तर सहा कोअर असू द्या.

पाऊसवेडी · रविवार, सकाळी ९:५०

दुरुस्तीवाला यांचा प्रतिसाद साठवून ठेवला.

एक सावधगिरी माझ्या अनुभवातून. १२४०० मागताना शेवटी "एफ" नाही ना ते डब्यावर स्वतः वाचा. मला ठाण्यातल्या एका दुकानात "तोच आहे, हजार रुपये स्वस्त" म्हणून १२४००एफ दिला. त्यात ग्राफिक्स नसतंच. घरी आणून जोडला तर स्क्रीन काळी. दुकानदाराने परत घेतला नाही, जुनं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारलं आणि त्याचा पंखा मशीनमधल्या बाकी सगळ्यांपेक्षा मोठ्याने वाजतो. माझ्या सासूबाईंना रात्री झोप लागत नाही म्हणून शांत मशीन हवं होतं मला.

खाडीवारा · रविवार, सकाळी १०:१२

हे फार महत्त्वाचं. रायझन ५ ५६०० ला सुद्धा ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे. एका अक्षराचा फरक. ७६०० मध्ये मात्र जी नसूनही थोडं ग्राफिक्स आहे.

नवनिर्माता · रविवार, दुपारी १२:३०

१२४०० चा सॉकेट संपला ना पण? ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या कोअर अल्ट्रा २०० ला इंटेलने नवीन सॉकेट दिला. एएम५ ला एएमडीने २०२७ पर्यंत तरी सपोर्ट कबूल केलाय. आज ८५००जी घेतला तर चार वर्षांनी त्याच बोर्डावर नवीन प्रोसेसर बसेल. शिवाय इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत व्होल्टेजचा घोळ झालेला.

दुरुस्तीवाला · रविवार, दुपारी १:०५

@नवनिर्माता, तो घोळ खरा होता. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केला, मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीची सॉफ्टवेअर दुरुस्ती) दिला, वॉरंटीही वाढवली. १२व्या पिढीला ती अडचण नाही. सॉकेटचा मुद्दा बरोबर आहे. पण चरईकरांना विचारतो, ११ वर्षांत जुन्या मशीनमध्ये काय काय बदललंत?

चरईकर · रविवार, दुपारी २:२०

एकदा एसएसडी टाकली. दोनदा एसएमपीएस बदलला. प्रोसेसर कधीच नाही.

एकनाद · रविवार, संध्याकाळी ६:४५

मी नेरूळला राहतो, ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढली. प्रोसेसरचं मला कळत नाही, आवाजाचं कळतं. वडील करताहेत ते काम मनापासून आवडलं म्हणून लिहायला बसलो.

सगळे "कमी आवाज" म्हणताहेत. रेकॉर्डिंगला त्याहून मोठा त्रास बदलत्या आवाजाचा होतो. ऑडॅसिटीमध्ये नॉइज रिडक्शन करताना आपण आधी दोन-तीन सेकंदांची निव्वळ खोलीची शांतता निवडतो, सॉफ्टवेअर तिचा नमुना घेतं आणि मग तोच नमुना सगळ्या फाईलमधून वजा करतं. पंखा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सुरात गुणगुणत असेल तर तो छान निघून जातो. पण दहाव्या मिनिटाला त्याने वेग वाढवला, बाराव्याला उतरवला, तर घेतलेला नमुना त्या भागाला लागूच पडत नाही. मग आपण रिडक्शन वाढवतो आणि वाचणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्या मुलीला पाऊस ऐकू आला तो बहुधा असाच आला असणार.

तेव्हा माझी विनंती अशी की पंखा मंद तर ठेवाच, पण त्याला एका वेगावर बांधून टाका. तसं करता येतं का ते जाणकारांनी सांगावं.

बाकी खोलीबद्दल. कॅबिनेट टेबलावर नको, टेबलाखालीही टेबलाला टेकून नको. प्लायवूडची फळी तबल्यासारखी घुमते आणि तोच कंप स्टँडमधून माईकमध्ये शिरतो. कॅबिनेट जमिनीवर जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवा. माईक कार्डिऑइड असेल तर तो पाठीमागून कमीत कमी ऐकतो, म्हणून कॅबिनेट माईकच्या पाठीमागच्या दिशेला येऊ द्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दहा बाय दहाच्या खोलीत भिंती आवाज परत फेकतात, तेवढा फायदा मिळत नाही, तरी दूर ते दूरच. भिंतीवर दोन गोधड्या टांगा. आणि वडिलांना माईकच्या जवळ बसवा, वीतभर अंतरावर, जरा तिरकं. आवाज जवळून आला की गेन (माईकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) कमी ठेवता येतो आणि खोली आपोआप मागे पडते.

दुरुस्तीवाला · रविवार, संध्याकाळी ७:३०

एकनाद, हे मला इतकं स्पष्ट कधी कोणी सांगितलं नव्हतं. रोज पंखे बसवतो, पण सुरात फरक पडला की काय होतं याचा विचार केला नव्हता.

हो, बांधता येतो. बायोसमध्ये सीपीयू फॅनचा आलेख हाताने ओढता येतो. ७५ अंशांपर्यंत सरळ आडवी रेघ, समजा ४० टक्क्यांवर, आणि त्याच्यावर मगच चढ. ती चढ सुरक्षेपुरती. सोबत स्टेप-अप टाइम म्हणून एक सेटिंग असतं, ते सगळ्यात जास्त ठेवा, म्हणजे क्षणभराच्या उसळीला पंखा दाद देणार नाही. ब्राउझर उघडला तरी प्रोसेसर सेकंदभर १५ अंश वर जाऊन खाली येतो, नेहमीच्या सेटिंगवर पंखा त्याच्या मागे धावत असतो.

आणि मग वॉट मर्यादेला खरा अर्थ येतो. ६५ वर बांधलेला १२४००, टॉवर कूलर, मंद पंखा, ३६ अंशांची खोली, तरी ७५ च्या आत राहायला हवा. त्याची सहनशक्ती १०० अंशांची आहे. रेकॉर्डिंगला तर तो १०-१५ वॉटच खाईल.

बोर्ड घेताना सगळ्यात स्वस्त एच६१० प्रकारचा घेऊ नका. त्यावर पंखे जोडायच्या दोनच जागा असतात बहुतेक वेळा. बी७६० चा डीडीआर४ वाला घ्या. पंखे चार पिनांचे घ्या.

घोडबंदर_रहिवासी · रविवार, रात्री ९:१०

फोमवालं बंद "सायलेंट" कॅबिनेट कोणी घेऊ नये असं माझं ठाम मत. थंड हवेच्या ठिकाणी ठीक. इकडे आतली हवा कोंडते आणि पंखे वेग वाढवतात. पुढून जाळीचं घ्या, दोन मोठे पंखे हळू फिरू द्या.

सुधारक · रविवार, रात्री ९:४०

मॅक मिनी? एम४ वाला ५९,९०० ला आलेला, आवाज नाहीच जवळजवळ.

चरईकर · रविवार, रात्री १०:०२

@सुधारक, विचार केला होता. बाबांची मराठी टायपिंगची सवय, चार वर्षांच्या फायली, सगळं विंडोजवर आहे. ७१ व्या वर्षी सगळं नव्याने शिकायला लावायचं नाही. आणि बजेटच्या वर जातं.

सर्वांचे खूप आभार. पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातो आहे. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड.

पाऊसवेडी · रविवार, रात्री १०:१५

सीलबंद डबाच मागा. ट्रेवाला (डब्याविना सुटा) प्रोसेसर स्वस्त सांगतील, पण डब्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवर बहुतेक दुकानाचीच वर्षभराची. आणि बिलावर मॉडेल पूर्ण लिहून घ्या, एफ आहे की नाही ते दिसेल असं.

दुरुस्तीवाला · रविवार, रात्री १०:२०

जुन्या मशीनची रॅम चालणार नाही, ती डीडीआर३ आहे. एसएसडी चालेल. जुनी फिरती हार्ड डिस्क असली तर ती मशीनमध्ये ठेवू नका, बाहेरच्या डब्यात घालून फक्त बॅकअपला लावा.

चरईकर · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:००

अपडेट.

आय५-१२४०० घेतला, सीलबंद, एफ नसलेला. पाच दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात १४४०० पुढे केला, दुसऱ्यात एफ. ८५००जी बद्दल खरंच मनात होतं, पण डीडीआर५ रॅमचे भाव ऐकून बेत सोडला. रॅमने या वेळी सगळंच गणित बिघडवलं आहे, १६ जीबीवर थांबलो. बी७६० डीडीआर४ बोर्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, चार पाइपचा टॉवर कूलर, पुढून जाळीचं कॅबिनेट. एसएमपीएस असा घेतला की कमी भाराला त्याचा पंखा फिरतच नाही. सगळं मिळून दोन हजार वर गेले.

बायोसमध्ये दोन्ही मर्यादा ६५ केल्या. पंखा ७५ अंशांपर्यंत एकाच वेगावर, मिनिटाला ६०० च्या आसपास फेरे. काल दुपारी सीलिंग फॅन बंद, खिडक्या बंद, खोलीत ३४ अंश. चाळीस मिनिटं वाचन झालं. प्रोसेसर ४४ ते ४७ मध्ये राहिला, पंख्याचा वेग एकदाही बदलला नाही. नंतर अख्ख्या धड्यावर नॉइज रिडक्शन आणि एमपी३ एक्सपोर्ट लावला, तेव्हा क्षणभर ६६ दिसले.

एक चूक झाली होती ती सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. पहिल्या दिवशी बारीक गुंजारव यायचा. कूलर काढून परत बसवला, काही फरक नाही. शेवटी कळलं की कॅबिनेटचा मागचा पंखा तीन पिनांचा आहे आणि बोर्ड त्याला चार पिनांचा समजून पूर्ण वेगाने फिरवतो आहे. त्या जोडणीचं सेटिंग पीडब्ल्यूएमवरून (चार पिनांची पद्धत) डीसी (तीन पिनांची) केलं आणि आवाज गेला. दुरुस्तीवाला यांना फोटो पाठवला होता, त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं.

एकनाद सर, गोधड्या टांगल्या. आईने ट्रंकेतून आजीच्या काढून दिल्या. कॅबिनेट माईकच्या पाठीमागे, जमिनीवर, रबरावर. माईक वीतभर अंतरावर. नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून बघितला, आधी ऑडॅसिटीच्या पट्टीवर उणे ४८ डेसिबलच्या आसपास असायचा, आता उणे ६३. आता रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येतात, ज्या आधी घरघरीखाली लपलेल्या होत्या. बाबा आता पहाटे साडेपाचला वाचायला बसतात.

पहिले दोन धडे पाठवले आहेत. अजून काही कळवलं नाही कोणी.

एकनाद · रविवार, रात्री ९:२५

उणे ६० च्या खाली म्हणजे व्यावसायिक श्राव्य पुस्तकांना जे मागतात तेवढं झालं. पहाटेची वेळ उत्तम. त्या वेळी आवाजही ताजा असतो, वडिलांना आधी कोमट पाणी द्या.

घोडबंदर_रहिवासी · रविवार, रात्री ९:५०

छान झालं. धुळीचं काय करताय? आमच्याकडे मेट्रोच्या कामामुळे तीन आठवड्यांत जाळी भरायची आणि मग पंखे वाढायचे. तुम्ही वेग बांधून ठेवलाय, म्हणजे जाळी भरली तर आवाजावरून कळणार नाही, तापमानच वाढेल. त्याकडे लक्ष ठेवा.

चरईकर · रविवार, रात्री १०:०५

हे लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. पुढची जाळी चुंबकाची आहे, ओढली की निघते. बाबांना दाखवून ठेवलं. रविवारी ते पुस्तकांचं कपाट पुसतात, त्याच फडक्याने आज त्यांनी जाळीपण पुसली. तापमानाचा आकडा त्यांच्या वहीत लिहायला सांगतो, धड्याच्या नावापुढे.